मेन स्विच, मी आणि मेहुण्याची बोट

आमची बोट बुडाली नाही. ती फक्त तळाकडे जायला निघाली होती, आणि तिला तिकडे पाठवायची सगळी व्यवस्था मी स्वतः, व्यवस्थित टेप गुंडाळून केली होती.

नाशिकमध्ये बोट कशाला, असं मला बरेच जण विचारतात. खरा प्रश्न वेगळाच आहे. बोट माझी नाहीच, ती माझ्या मेहुण्याची, बाळासाहेबाची. आणि बाळासाहेब राहतो नांदगावला! नांदगावचा उन्हाळा ज्याने पाहिला असेल त्याला पुढचं सांगायला नको. लग्न झाल्यावर मी पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो तेव्हा मला आदराने विचारलं होतं, की जावईबापू आधी चहा घेणार की आंघोळ करणार. (दोन्ही करतो म्हणालो. सगळे एकमेकांकडे बघायला लागले.) तर अशा गावात बी-बियाणांचं दुकान चालवणाऱ्या माणसाने एका ओळखीच्या व्यापाऱ्याची बावीस वर्षं वापरलेली, अठरा फुटी, निळ्या रंगाची मोटारबोट घेतली आणि ट्रकवर घालून कसारा घाट चढवून नाशकात आणली. का, तर म्हणे पाणी बघितलं की जीव गार होतो.

गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर बाळासाहेबाच्या एका गिऱ्हाईकाची द्राक्षबाग आहे. त्याने तिथे पाहुण्यांसाठी दोन खोल्या आणि पाण्यात शिरणारा एक लाकडी धक्का बांधलाय. बोट त्या धक्क्याला बांधायची ठरली. दर वेळी ती बाहेर काढायची तर क्रेन आणावी लागली असती, म्हणून ती बारा महिने पाण्यातच राहणार होती. मग तिच्यावर लक्ष कोण ठेवणार? बाळासाहेबाने जाहीर केलं, "दाजी नाशकात हायेत. त्यात इलेक्ट्रिकचं माणूस. बोट दाजींच्या ताब्यात."

हे मात्र खरं होतं. वीज खात्यात एकतीस वर्षं काढून मी रिटायर झालोय.

बोटीबरोबर एक कोकणातला म्हातारा मिस्त्री आला होता. त्याने मला तळाची फळी उचलून दाखवली. इंजिनाचा दांडा जिथून बोटीबाहेर पाण्यात जातो, त्या भोकातून थेंब थेंब पाणी आत येत होतं. मी घाबरलो. मिस्त्री म्हणाला, येऊ द्या, ते यायलाच पाहिजे, पार आवळून टाकलंत तर दांडा तापून जळेल. पलीकडे तळाशी एक छोटा पंप होता. टाकीत बॉल असतो तसा त्याला एक तरंगता बॉल. पाणी वाढलं की बॉल वर येणार, पंप आपोआप सुरू होणार, पाणी बाहेर. पंपाची वायर थेट बॅटरीला जोडलेली. "थेंब आत येतील, पंप बाहेर टाकील," मिस्त्री म्हणाला. "तुम्ही फक्त दोघांच्या मधे पडू नका."

मी दुसऱ्याच शनिवारी मधे पडलो.

त्याचं असं आहे, की आमच्या घरात एक नियम आहे. घराबाहेर पडताना आधी मेन स्विच बंद, मग पायात चप्पल. मंगल, म्हणजे आमची सौ., याला माझं व्यसन म्हणते. चार वर्षांपूर्वी आम्ही पाच दिवस नांदगावला गेलो, तेव्हाही मी निघताना नियमाप्रमाणे मेन बंद केला होता. परत आलो तर फ्रीजमधला वर्षभराचा आमरस फसफसून झाकणासकट वर आला होता. मंगल त्यानंतर तीन दिवस माझ्याशी फक्त हातवाऱ्यांनी बोलत होती. मग तिने दाराबाहेरच्या मेनच्या डब्यावर लाल अक्षरात लिहिलं, "फ्रीज चालू आहे". मी शपथही घेतली. पण हाताला वाचता येत नाही हो, तो आपोआप वर जातो.

तर अशा माणसाने ती थेट बॅटरीला जोडलेली उघडी वायर पाहिली. एकतीस वर्षं लोकांचे वीजचोरीचे आकडे काढण्यात घालवलेल्या माणसाला ते बघवेना. बोटीच्या मेन स्विचला वळसा घालून वायर? मी सगळं सोडवलं, नवी वायर ओढली, पंप शिस्तीत मेन स्विचच्या पुढे आणला, क्लिपा मारल्या आणि जरा लांब उभा राहून बघितलं. काम सुंदर झालं होतं. मग मेन बंद केला, त्याची किल्ली काढून खिशात टाकली आणि घरी आलो.

धक्क्यावर राखणीला लक्ष्मण असायचा, सुरगाण्याकडचा, चाळिशीचा, मोजकं बोलणारा माणूस. त्याने तेव्हाच विचारलं होतं, "साहेब, पंप बंदच ठेवायचा का?" मी त्याला विजेच्या सुरक्षिततेवर वीस मिनिटं सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतर दर शनिवारी मी जायचो, किल्ली घालायचो, मेन चालू करायचो, की लगेच पंप गुरगुरून पाण्याची धार बाहेर टाकायचा. मला केवढा आनंद व्हायचा! पहिल्या शनिवारी दोन मिनिटं धार आली. नंतर पाच मिनिटं. मग दहा. मी बाळासाहेबाला फोन करून सांगायचो, पंप एकदम फर्स्ट क्लास, दर वेळी आधीपेक्षा जास्त पाणी काढतो. पाणी जास्त का साठतंय हा प्रश्न मला पडला नाही. (इंजिन अधूनमधून चालवलं की बॅटरी चार्ज होते, हेही मिस्त्री सांगून गेला होता. पण मला बोट चालवता येत नव्हती. मी बोट फक्त सांभाळत होतो.)

याच सुमाराला माझे सासरे अण्णा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले. वय अठ्ठ्याहत्तर. अख्खा जन्म पाण्यासाठी वणवण करण्यात गेलेला, पण बोटीत कधी बसलेले नव्हते. पट्टी निघाल्यावर डॉक्टरांनी काळा चष्मा दिला, डोळे चोळायचे नाहीत म्हणून बजावलं आणि आता काय बघायचंय आजोबा, असं गमतीने विचारलं. अण्णा गंभीरपणे म्हणाले, "भरलेलं धरण. मधोमध जाऊन." बाळासाहेबाने लगेच रविवार ठरवला. मंगलने रविवारच्या जेवणासाठी गुरुवारीच चक्का टांगला, शुक्रवारी सकाळी श्रीखंड करून फ्रीजमध्ये ठेवलं. अण्णा रोज सकाळी उठले की विचारायचे, रविवारला किती दिवस राहिले.

या ऑपरेशनच्या, ड्रॉपच्या गडबडीत माझे दोन शनिवार चुकले. त्यात परतीचा पाऊस दोनदा धो धो कोसळला.

शुक्रवारी दुपारी लक्ष्मणचा फोन आला. शांतपणे म्हणाला, "साहेब, होडी मागून खाली चाललीय. आजच या."

आमची जी धावपळ उडाली ती काय सांगू. मी बाळासाहेबाला फोन लावला, तो रविवारसाठी नांदगावहून सकाळीच जीप घेऊन निघाला होता आणि नाशकाजवळ पोचला होता, तो सरळ धक्क्याकडे वळला. अण्णांना घरी थांबा म्हटलं तर ते आधीच चपला घालून दारात उभे. मंगलने हाताला लागेल ते, दोन पातेली, एक कळशी, बाथरूमची मोठी बादली, सगळं गाडीत कोंबलं आणि अण्णांना घेऊन खाली जाऊन बसली. घाईत असलो तरी मी घर नेहमीसारखं नीट बंद केलं आणि धावत जिना उतरलो.

धक्क्यावर पोचलो. बोटीचं नाक वर आकाशाकडे, आणि मागची कड पाण्यापासून जेमतेम वीतभर वर. लक्ष्मणने मागच्या बाजूने दोन जास्तीचे दोर टाकून ते धक्क्याच्या खांबांना आवळले होते, म्हणून ती अजून दिसत तरी होती. तो बिचारा सकाळपासून तेलाच्या डब्याने पाणी उपसत होता. आत इंजिनाच्या नाजूक भागाला पाणी लागायला चार बोटं बाकी होती. तिथे पाणी लागलं की महिनाभराचं काम, मिस्त्रीने हेही सांगून ठेवलं होतं. अण्णा खुर्चीवर बसले, काळ्या चष्म्यातून बोटीकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "परवा रविवार हाये ना?"

तेवढ्यात बाळासाहेब आला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पांढरी पँट. आधी खाली वाकून माझ्या पाया पडला (जावयाचा मान बोट बुडत असली तरी चुकत नाही), आणि मग लक्ष्मणवर घसरला. तुझं लक्ष कुठं होतं, चोवीस तास इथं असतो, तुला दिसलं नाय का, असं बरंच काही. लक्ष्मणने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा डबा भरायला वाकला.

मी मोठ्या माणसासारखा मधे पडलो. लक्ष्मणची काही चूक नाही, म्हणालो, पंपच डिफेक्टिव्ह आहे. हल्लीचा मालच तसला. थांबा, दाखवतो. मग मी बोटीत उतरलो, गुडघाभर पाण्यात उभा राहिलो, खिशातून किल्ली काढली आणि सगळ्यांना नीट दिसेल असा मेन स्विच चालू केला.

पंप खणखणीत सुरू झाला. अंगठ्याएवढी जाड धार बोटीच्या कुशीतून जी उडाली ती थेट बाळासाहेबाच्या पांढऱ्या शर्टावर. त्याने आधी शर्टाकडे बघितलं. मग म्हणाला, "दाजी, पंप तर चांगला हाये."

मंगलने धक्क्यावरूनच विचारलं, "अहो, किल्ली कुठून काढलीत?"

"खिशातून."

"म्हणजे इतके दिवस पंप तुमच्या खिशात होता." ती म्हणाली. "फ्रीजचं झालं तेच ना?"

मला त्या क्षणी बोटीने लवकर तळ गाठला तर बरं असं वाटलं. आणि खरी पंचाईत पुढेच होती. साल्याने दाजींना बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे राग तर आलेला, पण माझ्यावर काढता येत नाही. मग बाळासाहेबाने तो मिस्त्रीवर काढला. वायर थेट बॅटरीला द्यायला नको का त्यानं, मेनवर कशी दिली. मिस्त्रीचं संपल्यावर तो पुन्हा लक्ष्मणकडे वळला, की तुला तरी कळायला नको का. लक्ष्मण मान खाली घालून ऐकत होता, आणि ते मात्र मला बघवेना.

"वायर थेटच होती," मी म्हणालो. "मी काढली. आणि लक्ष्मणने मला विचारलंही होतं."

बाळासाहेबाने ओला शर्ट जोरजोराने पिळला. जावई नसतो तर त्या दिवशी मी काय काय ऐकलं असतं, याची मला पूर्ण कल्पना आहे.

इतक्यात पंपाचा आवाज बारीक होत गेला आणि थांबला. बॅटरी संपली. इतक्या आठवड्यांत तिला कोणी चार्ज केलं नव्हतं. (कोणी म्हणजे मी.)

मग पातेली निघाली. मी आणि लक्ष्मण आतून भरून देतोय, मंगल आणि बाळासाहेब बाहेर ओततायत, अण्णा खुर्चीवरून किती पातेली झाली ते मोजतायत. शंभर झाली तरी पाणी तिथल्या तिथेच. समोरून कोणाची तरी बोट भरधाव गेली, तिची लाट आली आणि मागच्या कडेवरून आत शिरली. चारची तीन बोटं झाली. अण्णांनी मोजणं बंद केलं, आणि त्यांचा तो पडलेला चेहरा बघून मला स्वतःची खरोखर लाज वाटली. म्हाताऱ्याने उभ्या आयुष्यात एक गोष्ट मागितली होती, आणि ती मी क्लिपा मारून बुडवत होतो.

लक्ष्मण बोटीतून उडी मारून पळत गेला आणि बागेला पाणी देण्याचं डिझेल इंजिन हातगाडीवर ढकलत घेऊन आला. ते बघताच बाळासाहेबाच्या अंगात बळ आलं. हे त्याच्या हातातलं काम! "सरका दाजी," म्हणाला, बाह्या वर केल्या, झटपट पाइप जोडले, एक टोक इकडे, एक टोक तिकडे टाकलं आणि हँडल मारलं. इंजिन पहिल्या झटक्यात धडधडलं. मनगटाएवढी जाड धार सुटली.

बोटीत.

नांदगावच्या माणसाने जन्मभर एकच काम केलेलं. पाणी असेल तिथे पाइप बुडवायचा आणि नसेल तिथे न्यायचं. त्याच्या हातांनी सवयीने खालचा पाइप धरणात सोडला होता आणि वरचा आमच्या बोटीत. अख्खं गंगापूर धरण बोटीत यायला निघालं होतं आणि बाळासाहेब कमरेवर हात ठेवून त्या धारेकडे कौतुकाने बघत होता.

"बाळ्या," अण्णा खुर्चीतून ताडकन उठले, "उलटं रे, उलटं!"

लक्ष्मणने झडप घालून इंजिन बंद केलं. पाणी आता इंजिनाच्या त्या नाजूक भागापासून एका बोटावर होतं. बाळासाहेबाने माझ्याकडे बघितलं, मी बाळासाहेबाकडे. तीस वर्षांच्या नात्यात आम्ही दोघं इतके एका पातळीवर कधीच आलो नव्हतो. मग दोघांनी मिळून पाइप उलटे केले.

या वेळी धार धरणात पडली. पाच मिनिटं काहीच फरक दिसेना. मग मागची कड हळूच वर आली, बोटभर, मग चार बोटं. दोर सैल पडले. लक्ष्मण पहिल्यांदाच हसला. तासाभरात बोट धक्क्याला अशी सरळ, शहाण्यासारखी उभी राहिली, की मंगलने तिच्यावरून हात ओवाळून कडकडा बोटं मोडली. मी तळाच्या फळीवर बसकण मारली. इतकं हलकं मला रिटायर झालो त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

आम्ही घरी न जाता तिथल्या खोल्यांमध्येच राहिलो. शनिवारी बॅटरी चार्ज केली, इंजिन पुसून वाळवून चालवून बघितलं, माझ्या सुंदर क्लिपा मी स्वतःच्या हाताने उपटल्या आणि वायर पुन्हा थेट बॅटरीला जोडली. मेनची किल्ली मंगलने काढून घेतली आणि लक्ष्मणच्या हातात दिली. बाळासाहेबाने लक्ष्मणची सगळ्यांसमोर माफी मागितली. त्याच्या पाठोपाठ मीही मागितली, कारण चूक खरं तर माझीच होती. संध्याकाळी अण्णा फळी उघडून बसले होते. थेंब येतायत, बॉल वर जातो, पंप सुरू होतो, थांबतो. दर वेळी ते समाधानाने मान डोलवत होते.

आणि रविवारी सकाळी, पांढरं धोतर, टोपी, काळा चष्मा आणि त्या सगळ्यावर भडक नारिंगी लाइफ जॅकेट अशा थाटात अण्णा बोटीत बसले. बाळासाहेबाने बोट धरणाच्या मधोमध नेली आणि इंजिन बंद केलं. चारी बाजूंना पाणीच पाणी. अण्णांनी वाकून हात पाण्यात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"आम्ही विहिरीत उतरून वाटीनं घागर भरायचो," ते म्हणाले. "आन परवा तुम्ही लोक पातेल्यानं पाणी फेकत व्हते. मी मोजत व्हतो." आणि ते हसायला लागले ते थांबेनात. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मंगल सारखी म्हणतेय, अण्णा डोळे चोळू नका, आणि तीही रडतेय. बाळासाहेब दुसरीकडे तोंड करून उगीच दोर गुंडाळत होता. मला तर वाटलं, चला, सुटलो. बोट तरंगतेय, अण्णा हसतायत, साला पाया पडतोय. माणसाला आणखी काय पाहिजे!

संध्याकाळी आम्ही चौघं श्रीखंडाच्या ओढीने घरी आलो. मी बेल दाबली. (घरात कोणी नाही, पण सवय.) बेल वाजली नाही.

मंगलने माझ्याकडे बघितलं. मी मेनच्या डब्याकडे बघितलं. लाल अक्षरं अजून ठळक होती.

दार उघडलं तर फ्रीजखालून निघालेलं पाणी स्वयंपाकघर ओलांडून हॉलपर्यंत आलं होतं. श्रीखंडाचा आंबट वास जिन्यापर्यंत. अण्णांनी शांतपणे धोतर वर खोचलं आणि बाळासाहेबाला विचारलं, इंजिन जीपमध्ये हाये का. मी घाईघाईने बादली शोधायला बाथरूममध्ये गेलो आणि रिकाम्या हाताने परत आलो.

"बादली बोटीत राहिली," मंगल म्हणाली.

त्या संध्याकाळी माझ्या ताब्यात दोनच गोष्टी होत्या, एक घर आणि एक बोट, आणि त्यातली कोरडी होती ती बोट.